अकरापर्यंतची शांतता

"फुरकान, सांग, हे काय आहे?"

स्पीकरमधून सईदा मॅडमचा आवाज आला आणि भिंतीवरच्या टीव्हीवर सरकीचा ढीग उमटला. फुरकानने तोंड उघडण्याआधीच आवाज पुढे निघून गेला, "शाब्बास! आता आकांक्षा." आकांक्षा उठून उभी राहीपर्यंत तो गोपालला शाब्बासकी देऊन मोकळाही झाला. गोपाल खिडकीबाहेर पाहत होता. आपले नेमके काय चांगले झाले, ते त्याला कळेना.

"मॅडम, हा डब्बा तं ऐकूनच नाही राहिला!" फुरकान ओरडला. "याले गाडी पकडाची हाय काय?"

पहिलीचा सगळा वर्ग हसला. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या सईदा मॅडमही हसल्या, पण आवाज न करता. त्यांच्या आवाजाचे आता मोजकेच दिवस उरले होते. एकोणीस वर्षे पातूरजवळच्या या शाळेत त्यांनी पहिलीलाच शिकवले होते आणि एवढ्या वर्षांच्या गाण्यांनी, हाकांनी त्यांच्या कंठात गाठी धरल्या होत्या. अकोल्याला, जठारपेठेतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते: सोमवारी शस्त्रक्रिया, त्यानंतर सहा आठवडे कुजबुजसुद्धा नाही, आणि सोमवारपर्यंत दिवसाला फक्त वीस मिनिटे बोलायचे. म्हणून मॅडमनी गावात हिंडून फोनवर चित्रे टिपली होती, त्यांवरचे प्रश्न आपल्या आवाजात भरून ठेवले होते. आवाज स्पीकर देईल, बाकीची मॅडम आपण होऊ, असा त्यांचा साधा हिशेब होता.

दारात उभे राहून मुख्याध्यापक गजेंद्र सरांनी हे सारे पाहिले.

"मॅडम, काहून जिवाले तरास करून घेऊन राहिल्या? सुटी घ्या ना बिनधास्त. तुमचे चौदा पोट्टे शुभम सरच्या तिसरीत मांगं बसवू. सहा हप्त्यांचा तं सवाल हाय."

मॅडमनी पाटी उचलली आणि वळणदार अक्षरात लिहिले: आत्ताच अक्षरे जुळून शब्द होऊ लागले आहेत. मागे बसवलीत तर पुन्हा सुटतील.

पुसून पुढे लिहिले: आणि आरती पुन्हा गप्प होईल.

सरांनी सतरंजीच्या टोकाला बसलेल्या आरतीकडे पाहिले. दिवाळीपर्यंत ही मुलगी शाळेत एक शब्द बोलली नव्हती. आता बोलत होती. फक्त खोल विहिरीत बादली सोडावी तसा तिचा शब्द वर यायला वेळ लागत असे.

"बरं," सर म्हणाले. "जानेवारीत केंद्रप्रमुख सायेब येनार हायेत. त्याईले पटलं तं वर्ग तुमचा. नाही तं मंग पोट्टे तिसरीत, आन् तुमी सुटीवर. कबूल?"

मॅडमनी पाटी खाली ठेवली. नुसती मान हलवली, पण ती अशी की सरांना दुसऱ्यांदा विचारावेसे वाटले नाही.

घरी नवऱ्याने, अय्युबभाईंनी, ते ध्वनिमुद्रण ऐकले. लग्नाकार्यांना स्पीकर पुरवण्याचा त्यांचा धंदा. आवाजातली खोट त्यांना लगेच कळे.

"ये तो तूने बारात का ऐलान कर दिया, सईदा. सवाल पूछी, पर रुकीच नै."

मॅडम चमकल्या. एकोणीस वर्षे त्या दर प्रश्नानंतर थांबत आल्या होत्या; पण आपण थांबतो, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हते. थांबण्याचे काम त्यांचे डोळे करीत. समोरच्या चेहऱ्यावर शब्द उमलताना दिसे आणि त्या आपोआप थबकत. फोनला चेहरा नव्हता.

त्यांनी वर्गाचा फोटो शेगडीजवळच्या फळीवर टेकवून ठेवला आणि नव्याने सुरुवात केली. एकेका चेहऱ्याकडे पाहून प्रश्न विचारायचा, मग गुडघ्यावर बोटाने ठेके मोजीत गप्प राहायचे. फुरकानला एक पुरे. गोपालला चार, कारण त्याला आधी खिडकीतून आत यावे लागे. आकांक्षाला पाच, त्यातले दोन फ्रॉक सारखा करण्यात जात. आणि आरतीला अकरा.

"डॉक्टर ने बोलने कू बीस मिनिट दिये, तू उसमें भी चुपच बैठती," अय्युबभाई म्हणाले. मग पुन्हा ऐकून म्हणाले, "और इत्ता खाली? लोगां समझेंगे बॅटरी गई. और बच्चा गलत बोला, तो भी शाब्बास?"

"बोला, उसकी शाब्बासी," मॅडम हलकेच म्हणाल्या. "गलत सुधारने कू मैं खडी है ना, पाटी लेके."

रविवारी शेवटचा प्रश्न भरून झाला. सोमवारी त्या निर्धास्त मनाने अकोल्याच्या गाडीत बसल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रप्रमुख आले, ते नेमके प्रश्नांच्या तासाला. वर्गात मॅडमचा आवाज घुमत होता आणि मॅडम मात्र अवाक्षर न काढता मुलांमधून फिरत होत्या. चुकणाऱ्याच्या शेजारी बसत, पाटीवर अक्षर काढून त्याचे बोट त्यावरून फिरवीत. फुरकान आता डब्ब्याशी बरोबरीच्या नात्याने बोलत असे.

"आरती, सांग, हे काय आहे?"

टीव्हीवर धान्य पाखडायचे सूप दिसत होते. आरती उठली. वर्ग शांत झाला. तीन. चार. केंद्रप्रमुखांनी इकडेतिकडे पाहिले. सहा. सात.

"बंद पडलं वाटतं," म्हणत ते उठले आणि त्यांनी स्पीकरकडे हात नेला.

"थांबा ना, सायेब!" फुरकान म्हणाला. "ते विचार करून राहिली."

साहेबांचा हात तसाच हवेत राहिला. साहेबांबरोबर आलेले गजेंद्र सर एक पाऊल पुढे आले. मॅडमचे बोट पदराआड ठेका धरून होते. नऊ. दहा.

"सूप," आरती म्हणाली. मग आणखी एक शब्द वर आला, "आजीचं."

"शाब्बास, आरती," स्पीकर म्हणाला.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "तिचं बोलून झालं, हे या यंत्राला कळलं कसं?"

"त्याले काय कळते, सायेब!" गजेंद्र सर म्हणाले. छातीवरचे ओझे उतरल्यामुळे त्यांचा आवाज जरा मोठाच लागला. "मॅडमनं एकेक पोट्टं मोजून ठेवलं हाय."

शेरेवहीत साहेबांनी एकच ओळ लिहिली: पहिलीचा वर्ग आहे तसाच चालू ठेवावा.

जानेवारी सरता सरता आरतीच्या वडिलांना अमरावतीला एका इमारतीवर चौकीदारी मिळाली. दाखला घ्यायला तिची आई, मैनाबाई, आली. दाखल्याचा कागद पदराच्या टोकात बांधून झाला, तरी तिचा पाय निघेना.

"मॅडम, तिथं शंभर पोट्टे रायतीन. इच्यासाठी कोनी थांबन काय वो?"

डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीचे अजून दोन दिवस उरले होते. मॅडमनी वहीचे पान फाडले, त्यावर लिहिले: आरतीच्या नव्या बाईंस, कृपया अकरापर्यंत थांबावे, ती बोलते. खाली सही केली आणि कागद आरतीच्याच मुठीत दिला.

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या, पण नवा आवाज जपायचा म्हणून प्रश्नांचा तास अजून स्पीकरवरच होता. "आरतीचं तेवढं काढून टाका ना आता," गजेंद्र सरांनी सुचवले होते. अय्युबभाईही दोन मिनिटांत कापून देणार होते. मॅडमनी मानेनेच हो म्हटले होते आणि तसेच राहून गेले होते.

"आरती, सांग, हे काय आहे?"

टीव्हीवर सूप आले. सतरंजीच्या टोकाची जागा रिकामी होती. आता मॅडमच्या कंठात आवाज होता. एका शब्दात त्यांना हे थांबवता आले असते. त्या काही बोलल्या नाहीत. मुलेही बोलली नाहीत. फुरकानने तोंडावर हात ठेवला. गोपालने खिडकीतून मान वळवून आत पाहिले. चौदांतल्या तेरा मुलांना ही शांतता किती लांब असते ते पाठ होते, आणि ती जणू कुणाची ठेव असावी तशी त्यांनी ती अखेरपर्यंत सांभाळली.

नऊ. दहा. अकरा.

"शाब्बास, आरती," स्पीकर म्हणाला. "आता गोपाल, तू सांग."