विमानाचा मालक

फुशारकी मारण्यात मिशारीचा हात कोणी धरू शकत नसे, हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. कुवेतच्या धावपट्टीवर अम्मानला निघायच्या तयारीत उभ्या असलेल्या विमानात सासू शेजारी बसली आणि त्याची जीभ सुटलीच.

“खाला, हे विमान आमच्या वित्त कंपनीचं. व्याज हराम, म्हणून आम्ही विमान कंपन्यांना कर्ज देतच नाही. विमान स्वतः विकत घेतो आणि भाड्याने देतो. मालक आम्ही, म्हणून मोठी दुरुस्तीही आमच्याच गळ्यात. नुसतं भाडं खाणं शरियतला चालत नाही.”

“म्हणजे तूच मालक म्हण की!” सासूने कौतुकाने त्याच्या हातावर खजूर ठेवला.

“तसंच समजा,” मिशारी म्हणाला.

तेवढ्यात इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. ते बिघडलंय, सगळ्यांनी उतरावं, असं वैमानिकाने सांगितलं. उकाड्याने आधीच घामाघूम झालेला मिशारी सवयीप्रमाणे खेकसला, “कुठल्या गाढवाचं भंगार आहे हे? त्या मालकाला समोर उभा करा!”

“उभा करा!” सगळं विमान ओरडलं.

सासूने शांतपणे त्याचा दंड धरला.

“ऊठ बाळा,” ती म्हणाली, “लोक बोलावताहेत.”