धूर सोडणारी ती मीच

मी बोलतेय. अहो, इकडेतिकडे काय बघताय? खडकी बाजाराच्या तोंडाशी उभी असलेली ती पांढरी मॅटॅडोर, म्हणजे पांढरी म्हणायची आपली पद्धत, ती मीच. डाव्या दाराला पोचा आलाय, मागची काच अडकते, पण तब्येत ठणठणीत आहे. हे शेवटचं मुद्दाम सांगतेय, कारण मागच्या महिन्यात सगळ्यांनी मला भंगारात काढायची तयारी केली होती.

जन्म माझा इथलाच, आकुर्डीचा. देशाची दारं परदेशी गाड्यांना उघडली त्याच्या जरा आधीचा, त्यामुळे सुरुवातीची वर्षं रस्त्यावर आमचाच तोरा होता. पहिले मालक श्रीनिवासराव, शनिवार पेठेतले. लग्नामुंजींच्या जेवणांची कंत्राटं घ्यायचे. दहा वर्षं मी त्यांची पातेली, झारे आणि मसालेभात वाहिला. माणूस चोख, पण जीभ कडू. वऱ्हाड उशिरा आलं की म्हणायचे, "आपण उद्या आलात तरी चाललं असतं, हेच वाढलं असतं." पुढे कार्यालयवाले स्वतःच जेवण द्यायला लागले, तसं त्यांचं काम बसलं आणि त्याबरोबर मीही. दोन पावसाळे कुंपणाला टेकून काढले. टायर जमिनीला लागले. मागच्या बाजूला एका मांजरीनं बाळंतपण उरकलं, तेवढीच काय ती सोबत.

तिथून मला सोडवलं रंगनाथनं. तो परभणीकडचा. पिंपरीच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. कारखान्यानं माणसं कमी केली आणि हातावर रक्कम ठेवून याला घरी बसवलं. हिंजवडीला तेव्हा काचेच्या इमारती भराभर उठत होत्या, तिथल्या पोरीबाळींना न्यायला-आणायला गाड्या लागत होत्या. म्हणून त्यानं मला घेतलं. विचार एकदम बरोबर! फक्त लेथवर ठिणगी उडून त्याचा एक डोळा अधू झालेला होता, आणि लायसनच्या वेळी डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. गाडी दारात आणि मालक पायरीवर डोकं धरून बसलेला. शेवटी त्याची बायको कौशल्या चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, मी शिकू का?"

शिकली की! माझ्या क्लचचा जीव काढला, मैदानावर मला बेडकासारख्या उड्या मारायला लावल्या, पण शिकली. गेली पाच वर्षं मला तीच चालवते आणि रंगनाथ शेजारी बसून "डावीकडून रिक्षा, डावीकडून रिक्षा" करतो. तिला रिक्षा दिसत असते. पण ती त्याला कधी तोडून बोलत नाही. गाडीत बसणाऱ्या मुली तिला कौशल्याताई म्हणतात. त्यांच्या आया फोनवर म्हणतात, "ताईंची गाडी आहे ना, मग काळजी नाही." असं काही कानावर पडलं की ती स्टिअरिंगमागे जरा ताठ बसते. मला बरोबर कळतं ते, सीट माझीच आहे ना!

तर मागच्या महिन्यात कंपनीच्या गेटवर फर्मान निघालं. सोमवारपासून धुराची तपासणी पास केल्याची चिठ्ठी नसेल, तर गाडी आत सोडणार नाही. मुलींना दुसऱ्या नव्या गाड्या देणार. आणि माझ्या धुराबद्दल काय सांगू? सिग्नलला उभी राहिले की मागचे स्कूटरवाले आपणहून लांब थांबायचे.

त्या संध्याकाळी रंगनाथ माझ्याच पायरीवर बसून म्हणाला, "नाही झाली पास, तर विकून टाकू. गावाकडं जाऊ. दादाचं दुकान आहे, मी गल्ल्यावर बसेन."

"आणि मी?" कौशल्यानं विचारलं.

"तू काय, घरात. वहिनीला मदत करशील."

तिनं फडकं घेतलं आणि माझी पुढची काच पुसायला लागली. काच स्वच्छच होती हो. तरी ती पुसत राहिली. माझं काय, पत्र्याचं भांडं कुठेही वितळेल. पण हिला पुन्हा कुणाची तरी धाकटी जाऊ होऊन चुलीशी उभं राहावं लागणार, हे मला सहन होईना.

पहिल्या तपासणीला गेलो ते पेट्रोल पंपावर. तिथे कोपऱ्यात यंत्र मांडून एक काका बसतात. त्यांनी माझ्या सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि म्हणाले, "दाबा पूर्ण." कौशल्यानं पाय दाबला, आणि मी असा काही काळा लोट सोडला की शेजारच्या इडलीवाल्यानं घाईघाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. काकांनी आकडा बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. "वहिनी, आपण गाडी आणलीत की वीटभट्टी?"

तो दोष माझाच होता, नाकारत नाही. वय झालं होतं, आत काजळी साचली होती. मग गोपाळकृष्ण मेस्त्रीनं मला गॅरेजात घेतलं. डिझेल फवारणारे नोझल काढून साफ केले, काजळी खरवडली, नवा कोरा एअर फिल्टर घातला. गाडी श्वास घेते तो या फिल्टरमधूनच. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. गाडी परत देताना त्यानं बजावलं, "वहिनी, तपासणी होईपर्यंत फिल्टरला धुळीपासून जपा. वाकडचा रस्ता सगळा खोदून ठेवलाय."

त्याचं म्हणणं एवढंच होतं की दोन दिवस गाडी कमी फिरवा. पण हिनं ते भलतंच मनावर घेतलं. आता पुण्यातल्या मुली तुम्हाला ठाऊक आहेत. स्कूटीवर बसायच्या आधी तोंडाला असा काही स्कार्फ गुंडाळतात की सख्ख्या आईनं ओळखू नये. धूळ लागत नाही म्हणे. कौशल्या हे रोज बघते. शुक्रवारी संध्याकाळी तिनं दोन सीटमधलं इंजिनावरचं झाकण उघडलं, उन्हात डोक्याला बांधायची आपली धुतलेली सुती ओढणी आणली आणि फिल्टरच्या तोंडाला चांगले तीन-चार वेढे देऊन घट्ट गाठ मारली. वर मायेनं थोपटलं. म्हणाली, "आता बघू कशी धूळ जाते ती."

बाई गं! धूळ जाईना हे खरं, पण वारा तरी कुठून जावा?

शनिवारी पुन्हा पंपावर. कौशल्यानं सकाळीच मला हळदकुंकू लावलं होतं. काकांनी नळी लावली, तिनं पाय दाबला. माझा जीव नुसता कासावीस. डिझेल येतंय, हवा नाही, मग ते जळणार कसं? सगळं काळं काळं मागून बाहेर. मी ओरडून सांगत होते, "अगं सोड ती ओढणी!" पण माझी भाषा फट्-फट् एवढीच, ती कुणाला कळणार? आकडा आधीपेक्षाही वर गेला. काकांनी नुसती मान हलवली आणि नळी गुंडाळून ठेवली.

रंगनाथनं मोबाईल काढला. "दादा, आम्ही येतोय. हो, कायमचं." एवढंच बोलून ठेवला. कौशल्यानं किल्ली काढून मुठीत घट्ट धरली आणि माझ्या दाराला टेकून उभी राहिली. डोळे भरले होते, पण पाणी पडू दिलं नाही तिनं.

तेवढ्यात श्रद्धा आली. माझ्यातून रोज कंपनीत जाते ती, शनिवारी सुट्टी म्हणून स्कूटीत पेट्रोल भरायला आलेली. डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ. आतून काहीतरी घाईघाईनं विचारत होती.

"अगं, तोंडावरचं काढ आधी," कौशल्या म्हणाली, "एक अक्षर कळेना."

श्रद्धानं गाठ सोडली, स्कार्फ ओढून काढला आणि भला मोठा श्वास घेतला. "हुश्श! ताई, सिरीयसली, जीव गुदमरतो याच्यात. श्वासच घेता येत नाही."

कौशल्या तिच्याकडे बघतच राहिली. मग एकदम कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी काय करून बसले!"

पदर खोचून ती आत शिरली, झाकण वर केलं, आणि माझ्या नाकावरची ओढणी वेढा-वेढा करत सोडवली. गाठ दातांनी काढावी लागली. ओढणी बाहेर आली आणि पंपावरचं सगळं वारं एका दमात माझ्या छातीत शिरलं. काका उठून बघायला आले. ओढणी बघितली, कौशल्याकडे बघितलं. म्हणाले, "गॉगल घालायचा राहिला की गाडीला. उन्हाचा त्रास होत असेल."

पण लगेच नळी उचलली हो त्यांनी. मनानं वाईट नाहीत.

"दाबा." तिनं दाबलं. मी मोकळेपणानं एकदा, दोनदा, तीनदा गर्जले. मागे जरासा राखाडी धूर, बास. इडलीवाल्यानं झाकण उघडंच ठेवलं. काकांनी यंत्राकडे बघितलं आणि चिठ्ठी छापायला घेतली. श्रद्धानं टाळ्या पिटल्या. माझा तर जीवच भांड्यात पडला. रंगनाथ मात्र मटकन पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसायला लागला.

त्याचा फोन वाजला. दादाच होता. गाडी विकू नको, इकडेच घेऊन ये, दुकानाचा माल आणायला तू चालवशील, असं काहीतरी सांगत होता.

रंगनाथनं आधी चिठ्ठीकडे बघितलं, मग कौशल्याकडे. "दादा, आम्ही येत नाही. गाडी पास झाली." थोडा थांबला. "आणि गाडी मी कुठं चालवतो? कौशल्या चालवती. पाच वर्षं झाली, तीच चालवती."

हे गावाकडे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. कौशल्यानं पदर तोंडाला लावला, आणि मग जे पाणी तिनं इतका वेळ अडवून धरलं होतं ते खळकन वाहून गेलं.

घरी जाताना रंगनाथ शेजारी बसला होता. डावीकडून रिक्षा आली. तो काही बोलला नाही.

असं आहे माझं. अजून रोज हिंजवडीला जाते-येते. किती दिवस जाईन माहीत नाही, वय ते वयच. पण तोवर तुम्हाला एकच सांगणं आहे. औंधच्या चढावर मी पुढे हळू चालले असले, तर मागून उगाच हॉर्न मारू नका, आणि बाई चालवतेय म्हणून कट तर मुळीच मारू नका. जरा दमानं घ्या. आम्ही दोघी पास झालोय.