वीसच्या आत

आमच्या शेडच्या मधोमध पत्र्याची भिंत आहे. अलीकडे ह्यांची कंपनी, पलीकडे माझी. महाळुंग्यात अशी भिंत काही आमच्याच शेडमध्ये नाही. वीस माणसं झाली की कारखान्याचा कायदा लागू होतो, कागदपत्रं वाढतात, साहेब लोकांच्या फेऱ्या सुरू होतात. म्हणून माणसं अठरा-एकोणीस झाली की मालक सल्लागाराकडे जातो आणि सल्लागार विचारतो, "मिसेसचं नाव काय?" मी उद्योजक झाले ती अशी. दारावर 'वर्षाली एंटरप्रायझेस' असं रंगवलं जात होतं तेव्हा मी रहाटणीला गच्चीवर पापड वाळत घालत होते.

सुरुवातीला मी फक्त सह्या केल्या. मग ह्यांचं, म्हणजे ज्ञानेशरावांचं, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि शेडवर घरचं कुणीतरी बसणं भाग पडलं. प्रेस मशीन मी फोरमन भिवाभाऊंवर सोपवल्या आणि निदान आपलं नाव आहे त्या बाजूला बसू म्हणून भिंतीपलीकडे गेले. तिथे बायका प्रेसवर कापलेल्या पट्ट्यांच्या कडा घासून साफ करायच्या आणि मापं तपासायच्या. मला मापाचं गेज हातात कसं धरायचं हेसुद्धा ठाऊक नव्हतं. दापोडीहून येणाऱ्या रुक्सानाने मला ते शिकवलं, आणि शिकवताना मी मालकीण आहे याची तिने अजिबात भीड ठेवली नाही.

ह्यांची पाठ बरी झाली, पण मी घरी परतले नाही. काम नीट चाललं होतं, त्यामुळे कुणी विषयही काढला नाही. पुढे चाकणच्या एका कारखान्याचं तपासणीचं काम मी स्वतः हिंडून मिळवलं. त्या मालाचा ह्यांच्या प्रेसशी काडीचा संबंध नव्हता. ते काम मिळालं त्या दिवशी मी बायकांना जिलेबी वाटली आणि घरी मात्र सहज सांगावं तसं सांगितलं. हे पेपर वाचत "बरं झालं" म्हणाले.

यंदा हे आमच्या लघुउद्योजक मंडळाचे सचिव झाले. राज्याच्या कायद्यात काय बदल हवेत ते सुचवायला एक समिती नेमली होती, आणि मंडळाची मागणी एकच होती, वीसची मर्यादा चाळीसवर न्या. हे रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून भाषणाचा सराव करायचे. बोलायचेही तळमळीने. लहान माणसाने वाढायचं ठरवलं तर त्याला स्वतःलाच मधोमध कापून घ्यावं लागतं, असं एक वाक्य होतं, ते मला फार आवडायचं.

एक दिवस सराव संपवून ते खुशीत म्हणाले, "मर्यादा वाढली की भिंत पाडू. एकच कंपनी, एकच बोर्ड. तुझीही सुटका होईल या कटकटीतून. खूप केलंस."

मी भाजी परतत राहिले. वाईट वाटलं ते याचं, की माणूस मनापासून बोलत होता. भांडखोर नवऱ्याशी भांडता येतं. जो प्रेमाने तुमच्या हातातलं काढून घेतो त्याच्याशी कसं भांडायचं ते आईने शिकवलेलं नसतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझी कंपनी जाणार होती आणि ते मला बक्षीस म्हणून मिळणार होतं.

समिती शेड पाहायला यायची ठरली ती नेमकी खंडेनवमीला. मंडळाचे अध्यक्ष सोपानराव गावातले जुने, त्यांनीच दिवस ठरवला. त्या दिवशी मशीन धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजेला मांडलेल्या असतात, पाहुण्यांना बरं दिसेल असा त्यांचा हिशेब. शिवाय भिंत दाखवायची, म्हणजे आमचे हाल साहेबांना डोळ्यांनी दिसतील. अख्ख्या मंडळात एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही भिंत कायदा चुकवायलाच बांधली आहे. इतकी वर्षं तिच्यासोबत राहून ती आम्हाला खांबासारखी वाटू लागली होती.

समितीत मुंबईच्या एक बाई होत्या, बोलायला शांत. ह्यांनी अलीकडची पूजा करून नारळ वाढवला आणि दुसरा नारळ हातात घेऊन सगळ्यांसोबत माझ्या बाजूला आले. दरवर्षी हेच घडतं, पलीकडचा नारळही हेच वाढवतात. आम्ही बायकांनी पाटावर गेजं मांडून हळदकुंकू वाहिलं होतं, कडेला रुक्सानाने आणलेला शिरखुर्मा होता. बाईंनी विचारलं, ही कंपनी कोणाची?

"आवं, येकच हाय ह्ये समदं," सोपानराव म्हणाले. "वहिनींचं नुसतं नाव हाय. कायद्यापायी करावं लागतं आमाला."

बाईंनी हातातलं पेन थांबवलं. "म्हणजे माणसं कमी दाखवण्यासाठी हे केलंय?"

ह्यांचा चेहरा उतरला. आपण काय कबूल करून बसलो ते त्यांना आत्ता कळलं होतं. मला त्यांची दया आली, आणि त्याच क्षणी मला रागही आला.

"कंपनी माझी आहे," मी म्हणाले. "सुरू झाली ती नावापुरती, ते खोटं नाही. पण आता काम मी आणते, या बायकांना मी नेमलंय, आणि माल परत आला तर बोलणी मी खाते. मर्यादा वाढवा, आम्हाला हवीच आहे. पण वाढवल्यावर ही बाजू मिटेल असं कुणी धरून चालू नये."

ज्या अडचणीवर मंडळाची सगळी मागणी उभी होती तीच मी अडचण नाही म्हणत होते. बाई ह्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, तुम्ही सचिव आहात, तुम्हीच सांगा, या म्हणतात ते खरं आहे का?

हो म्हणावं तर भाषण वाया जाणार होतं आणि मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. नाही म्हणावं तर मी उद्यापासून पुन्हा गच्चीवर. ह्यांनी बायकांकडे एकेक करून पाहिलं. त्यांतल्या निम्म्यांची नावं त्यांना माहीत नाहीत, हे बहुधा त्यांनाही तेव्हाच जाणवलं असावं.

"खरं आहे," ते म्हणाले. "माझ्या लक्षात यायला उशीर झाला."

मग हातातला नारळ त्यांनी माझ्यापुढे धरला. आमच्याकडे बाईमाणूस नारळ वाढवत नाही. सोपानराव खाकरले. भिवाभाऊ भिंतीच्या दारात उभे होते, त्यांनी टोपी सारखी केली.

मी नारळ घेतला आणि दगडावर आपटला. तो फुटेना. पुन्हा आपटला, तरी नाही. बायकांमध्ये खुसखुस झाली. मला घाम फुटला, पुढे होऊन कुणीतरी तो हातातून घेईल असं वाटलं आणि मी ह्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले होते.

"जोरात हाणो, ताई," रुक्साना म्हणाली.