पॉलचा नियम आणि आमचा कुलवृत्तांत

अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळात काल शशिकांतकाकांनी रशियाच्या झारांवर भाषण ठोकलं. माझे सख्खे काका, म्हणून मी पहिल्या रांगेत बसले होते.

"कॅथरीनने चौतीस वर्षं रशियावर राज्य केलं," काका गरजले. "आणि तिच्या मुलाने, पॉलने, गादीवर आल्यावर काय केलं? घराण्यात एक जरी पुरुष शिल्लक असेल, तर बाईला गादी नाही! आईवर एवढा राग? शेम!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं मात्र डोकं सणकलं. "काही क्वेश्चन्स?" असं त्यांनी विचारताच मी उठले.

"काका, आपल्या घराण्याचा नवा कुलवृत्तांत तुम्हीच एडिट केलात ना? त्यात दादाचे दोन्ही मुलगे फोटोसकट आहेत. मग माझी शिवांगी का नाही? ती तर माझंच, म्हणजे आपल्या घराण्याचंच आडनाव लावते."

काका समजुतीने हसले. "अगं, मुलीच्या पुढे वंश लिहीत नाहीत. तसा नियमच आहे."

"पॉलनेही नियमच केला होता, काका," मी म्हणाले. "पण त्याचा निदान आईवर राग होता. तुमचा माझ्यावर कसला आहे?"