म्हातारीची तहान

पापडी गावात आमच्या आळीतली कुठलीही पोरगी लग्नाला उभी राहिली की चर्चला जायची ती माझ्या म्हातारीतून. म्हातारी म्हणजे माझी गाडी. गोल दिव्यांची, काळी, माझ्या लग्नाच्याही आधीची. हा काही कायदा नव्हता, वहिवाट होती. हल्लीच्या मुलींना छत उघडणारी गाडी लागते, ती भाड्यानं येते आणि नाक वर करून उभी राहते. राहू दे! 'मला बोलवा' म्हणून मी कुणाच्या दारात जाणार नाही. हा पीटर अजून एवढा उतरलेला नाही.

माझी बायको मार्था गेली त्याला वर्ष होत आलं. सुरुवातीला माणसं यायची, रोझरीच्या प्रार्थनेला बसायची, जेवणाचा डबा ठेवून जायची. मग हळूहळू आटली. मुलगा नेल्सन मेलबर्नहून फोन करतो आणि पहिलं वाक्य काय, तर "डॅडी, तो गाडीचा डबा विकून टाका." मी फोन आपटतो. दिवसभरात माझं बोलणं होतं ते तेवढंच, आणि तेही भांडणाचं.

अशात एक दिवस शेजारच्या जेन्सनची ज्युली दारात येऊन उभी राहिली. "पीटर अंकल, मे महिन्यात माझं लग्न आहे. मला तुमच्याच गाडीतून जायचंय. मम्मीपण लग्नाला तिच्यातूनच गेली होती ना?"

अरे माझ्या जेजू! मी तिला 'बस' म्हणायचंही विसरलो. त्या दिवसापासून एकच ध्यास लागला, ज्युलीनं माझ्या गाडीतून उतरून चर्चची पायरी चढायची. गाडी मध्येच बंद पडली, तर आळीत मला परत कुणी हाक मारणार नव्हतं. तेवढं मला कळत होतं.

आता म्हातारीचं एक दुखणं आहे. धावती असली की ठणठणीत, पण वरातीत बँडच्या मागे माणसाच्या चालीनं चालवली की तापते. रेडिएटरला वारा लागत नाही ना! म्हणून मी हात धुवून तिच्या मागे लागलो. रेडिएटर उतरवला, उलट्या बाजूनं पाणी सोडलं, तर चहासारखा गंज बाहेर पडला. फुगलेले रबरी पाइप बदलले. पंख्याचा पट्टा नवा घातला. झाकणाचं रबर वाळून खडखडीत झालेलं, तेही बदललं. पाणी तापल्यावर थर्मोस्टॅटची झडप उघडते की नाही बघायला तो स्वयंपाकघरातल्या पातेल्यात उकळला. मार्था असती तर त्या पातेल्यावरून तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. मी पातेलं मुद्दाम तसंच काळं ओट्यावर ठेवलं. कुणी ओरडलं नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून विहिरीवरून उंबराचं पाणी घेऊन आल्या. नवरीच्या अंघोळीचं पाणी ते. मी दारातूनच बघितलं. या कामात मार्था नेहमी पुढे असायची, म्हणून मला लवकर आत जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ज्युली मागे बापाशेजारी बसली, पांढरा झगा सीटभर पसरून. माझ्या डावीकडची सीट रिकामी. बँड पुढे, वऱ्हाड नाचतंय आणि माझा पाय क्लचवर. उन्हानं वरचा पत्रा तापला होता. तापमानाचा काटा चढायला लागला.

"अरे, जरा पाय उचला!" मी खिडकीतून ओरडलो. नाचणाऱ्याला पाय उचल म्हटलं की काय होणार? मेले आणखीच नाचायला लागले. आणि बॉनेटमधून भस्सकन वाफ आली.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि डावीकडे खाली हात घातला. हात नुसत्या पत्र्याला लागला.

"मार्था, कळशी कुठंय?" मी मोठ्यानं विचारलं.



प्रत्येक वरातीत मार्था पायांशी भरलेली कळशी धरून बसायची. काट्यावर डोळा तिचा. तो चढला की 'थांब' म्हणायची, उतरून जाळीतून रेडिएटरवर पाणी मारायची, आणि काटा खाली यायचा. लोक म्हणायचे, पीटरची गाडी कधी अडत नाही. मी मिशीला पीळ भरायचो. ती म्हणायची, "गाडी तुझी, तिची तहान माझ्या गळ्यात!" महिनाभर मी गाडीचा पाइप न् पाइप बदलला, पण कळशी भरायची हे डोक्यातच आलं नाही. ती कधी मी भरलीच नव्हती.

ज्युलीचा मामा ॲलिस्टर त्याची एसी गाडी घेऊन आला. "चला, फादर खोळंबलेत."

"अंकल, किती वेळ लागेल?" ज्युलीनं विचारलं.

'पाच मिनिटं' हे ओठांवर आलं होतं. पण तापल्या इंजिनात गार पाणी घातलं की हेड तडकतं, ते निवेपर्यंत थांबावंच लागतं. "तू जा पोरी," मी म्हटलं. तिनं झगा उचलला आणि गेली. तिच्यामागून बँड गेला, वऱ्हाड गेलं. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. इतकं एकटं मला मार्थाला पुरलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं जेन्सनची बहीण ॲनी धापा टाकत आली. कमरेवर कळशी. "ज्युलीचा मामाच्या गाडीतून फोन आला. म्हणाली, उंबराचं पाणी उरलंय ते अंकलना नेऊन दे." कळशी माझ्यापुढे ठेवून ती तशीच चर्चकडे पळाली.

नवरीच्या अंघोळीचं पाणी रेडिएटरला! मार्थानं ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती. मी मात्र रडलो. मग इंजिन निवल्यावर फडकं टाकून झाकण काढलं आणि बारीक धारेनं पाणी ओतलं. म्हातारी एका चावीत सुरू झाली.

चर्चसमोर पोचलो तेव्हा पायऱ्या रिकाम्या होत्या. आतून गाणं ऐकू येत होतं. माझे पाय आत जाईनात. कळशीत अजून पाणी होतं. ती मी डाव्या सीटच्या पुढे ठेवली, जिथे मार्थाचे पाय असायचे.

"पोचलो बघ," मी म्हणालो.

इंजिन मी चालूच ठेवलं होतं. काटा खाली होता. तो बघायला आता दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच बघत बसलो.