सरदाराच्या खिशातलं वजन

सिस्टरने टिकलीला काट्यावर उभं केलं आणि आकडा पाहून तिच्या भुवया आक्रसल्या. एका दिवसात दोनशे ग्रॅम वाढ.

खाटेशेजारी आजोबांनी मिशीवर हात फिरवला. नातीचं हृदय दुबळं. चार घास चावले की डोंगर चढल्यासारखी धाप लागे. म्हणून दर दोन तासांनी थोडंथोडं घट्ट, पौष्टिक खाणं. उरलेलं नाकातल्या नळीतून, आणि पाणी मोजून. बारा किलो भरली की ऑपरेशन. खाण्याचा कंटाळा यायचा, तेव्हा आजोबांनी करार केला होता : एका चमच्याला गोष्टीचं एक वाक्य. त्यांच्या गोष्टीतला सरदार इतका हडकुळा, की शेजाऱ्याने जांभई दिली तरी उडून जाई. शेवटी त्याने खिशात दगड भरले आणि लढाई जिंकली. तीच लढाई, दोनदा.

सिस्टर मात्र हसली नाही. वजन असं एकाएकी वाढतं ते अंगात पाणी साठलं की. तिने टिकलीची पावलं दाबून पाहिली. सूज नव्हती. डॉक्टरांना बोलवायला ती वळणार, तोच फ्रॉकच्या खिशात काहीतरी खणखणलं.

आठ चमचे निघाले. वॉर्डातली मावशी आठवडाभर ज्यांच्यावरून स्वयंपाकघराशी भांडत होती, तेच.

"हे सापडले नसते तर हिला नको ते औषध गेलं असतं, आजोबा."

"चूक माझी आहे," आजोबा म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी पदरचं काही न घालता सांगितलं.

पुन्हा वजन केलं. कालच्याइतकंच भरलं.

"चमचे नऊ हरवले होते," सिस्टर म्हणाली. "नववा कुठाय?"

टिकलीने आजोबांच्या कोटाकडे बोट दाखवलं. खिशात हात घालून आजोबांनी चमचा बाहेर काढला आणि बघतच राहिले.

"तुमची पँट घसरते ना," टिकली म्हणाली. "तुम्ही उडून गेला असता."

पट्ट्याला तीन नवी भोकं पडली होती. पट्टाच वाढतोय, असं ते सगळ्यांना सांगत. काळजीने घास उतरत नसे, म्हणून घरून येणारा डबा रोज इथेच कुणाला तरी देऊन टाकत आणि घरी जाऊन सुनेच्या हातच्या चवीचं तोंड भरून कौतुक करत.

सिस्टरने आजचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"मग सरदाराने दगड फेकून दिले," टिकली दम खात म्हणाली आणि गप्प बसली.

"बरं, पुढे?"

ती डब्याकडे बघत राहिली.

आजोबांनी झाकण उघडलं.