कपाटावरची मुकी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे हं, सुरांची! माझा जन्म नागपूरचा. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात माझ्या मालकाची, जगदीशची बोटं माझ्यावर फिरू लागली की सारा मंडप डोलायचा. मला थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोलू?

२००२ साली जगदीशला सिंगापुरात नोकरी लागली. वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये त्याने मला पहिल्यांदा उघडलं आणि दारावरची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या चिनी आजी. त्यांनी तोंड उघडायच्या आतच जगदीश "सॉरी आंटी, सॉरी! नो मोअर म्युझिक!" म्हणून मोकळा. परका मुलूख, परवान्याच्या पासवरची नोकरी. तक्रार झाली तर? आजी बिचाऱ्या परत गेल्या आणि मी कपाटावर गेले.

दमट हवा लागू नये म्हणून त्याच्या बायकोने, हिराने, मला प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं. माया होती हो, पण ओल आतच कोंडली. माझ्या भात्याला बुरशी आली, सुरांना गंज चढला. काही वर्षांनी हिरा म्हणाली, "उद्या हिला खाली ठेवून येऊ. ज्याला हवी तो नेईल."

त्याच संध्याकाळी घरात डीव्हीडीवर एक सिनेमा लागला. नाझींपासून माळ्यावर लपलेला एक ज्यू व्हायोलिनवादक. जरा आवाज झाला तर मरण ठरलेलं. तो खांद्यावर फळी धरून तिच्यावर नुसतीच बोटं फिरवत राहतो. शेवटी सुटका होते, तेव्हा भाकरीच्या आधी व्हायोलिन मागतो. जगदीशचे डोळे पाण्याने भरले. त्याची बोटं गुडघ्यावर चालत होती.

त्याची सिंगापुरात वाढलेली मुलगी दीक्षा ते बघत होती. तिथल्याच हेलात म्हणाली, "बट पप्पा, त्याला तर सोल्जर्स मारणार होते. तुम्हाला कोण स्टॉप करतंय, लाह?"

जगदीश स्टुलावर चढला, मला उतरवलं आणि प्लॅस्टिक फाडलं. माझा पहिला सूर खोकल्यासारखा निघाला. सगळे हसले. मग हळूहळू गाणं जमू लागलं, आणि बेल वाजली!

जगदीशचा चेहरा पडला. दीक्षाने दार उघडलं. त्याच आजी, आता काठी टेकत आलेल्या.

"सो लाँग नेव्हर प्ले, आह?" त्या रागावूनच म्हणाल्या. "दॅट टाइम आय कम टू लिसन, यू क्लोज द डोअर!"

हिराने त्यांना खुर्ची दिली. त्या दिवशी मी बेसूर वाजले, पण मन भरून वाजले.

मित्रांनो, ओल पुसता येते, गंज घासता येतो. आमच्यावर माया असेल तर आम्हाला गुंडाळून ठेवू नका, वाजवा. आणि बेल वाजली, तर आधी समोरच्याला बोलू द्या. सॉरी काय, नंतरही म्हणता येतं.